गाडीचं ऑईल घरी बदलावं की गॅरेजात? (आणि काळं ऑईल टाकायचं कुठं?)

सिंहगडरोडवाला

मंडळी, काल वार्षिक सर्व्हिसिंगचं एस्टिमेट काढून घेतलं आणि गाडी तशीच परत घेऊन आलो. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती गाडी घेतलीतच का' इथं घसरेल. वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर चालते. ऑफिस, मंडई, आणि दिवाळीला गाव.

एस्टिमेटमध्ये ऑईल १,९६०, फिल्टर २४०, लेबर १,३५०. इथपर्यंत ठीक. पुढं इंजिन डीकार्बनायझिंग १,४५०, एसी डिसइन्फेक्शन ८५०, थ्रॉटल क्लीनिंग ६००. कर धरून साडेसात हजारांच्या वर. डीकार्बनायझिंग कशासाठी, असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, सगळेच करून घेतात." या वाक्यावर मी किल्ली परत मागितली.

आता डोक्यात आलंय की ऑईल आणि फिल्टर स्वतःच बदलावा. व्हिडिओ पाहून सोपं वाटतंय. अडचणी दोन. एक, सोसायटीचं पार्किंग. दोन, निघालेलं तीन-साडेतीन लिटर काळं ऑईल न्यायचं कुठं? कुणी केलंय का हे? खरंच पैसे वाचतात का?

हिशेबनीस

पैशांचं मी सांगतो. ऑईलचा साडेतीन लिटरचा डबा बाहेर १,६५० ला, फिल्टर १९०, वॉशर २०. झाले १,८६०. म्हणजे साडेसात हजारांपुढं तुम्ही राजे.

पण तुलना चुकीच्या माणसाशी चाललीये. हेच १,८६० चं सामान घेऊन गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडं गेलात तर तो ३०० रुपयांत बदलून देतो. तेव्हा तुमच्या अंगमेहनतीची किंमत वर्षाला ३०० रुपये, बास. आता हत्यारं: जॅक स्टँडची जोडी १,८००, गोटी पान्यांचा सेट ९००, टॉर्क रेंच (ठरलेला जोर झाला की 'टक्' वाजणारा पाना) २,२००, ट्रे २५०, फिल्टर पाना ३५०. बेरीज ५,५००. भागिले ३००. सव्वाअठरा वर्षं.

गाडी २०१३ ची, नोंदणीची पंधरा वर्षं २०२८ ला संपतात. तेव्हा आधी ती पुन्हा पासिंग करून घ्या, मग गुंतवणूक वसूल होण्याची वाट बघा. 🙂

नाशिकची_सारथी

हिशेबनीस, बेरीज बरोबर पण रकाना एक राहिला: 'काम झालं की नाही'.

तीन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी मी फिल्टरच्या बुडाला पांढऱ्या मार्करनं छोटी फुली मारून ठेवली होती. उगाच, गंमत म्हणून. गाडी परत आली, बिलात फिल्टरचे पैसे, आणि फुली जिथल्या तिथं. सुपरवायझरला खाली वाकून दाखवली तर म्हणे, "मॅडम, तो दुसऱ्या गाडीचा बसला असेल." म्हणजे दुसऱ्या गाडीवरही मीच फुली मारून आले होते! सेंटरचं नाव लिहीत नाही, ते सुधारलेही असतील. पण त्या दिवसापासून माझ्या गाडीचं ऑईल मी बदलते.

मी खाली झोपत नाही. डिपस्टिकच्या (ऑईलची पातळी बघायच्या कांडीच्या) नळीतून ऑईल ओढून घेणारा हातपंप मिळतो. नळी बुडापर्यंत घालायची, पंप मारायचा, वीस मिनिटांत बहुतेक ऑईल वर. तळाशी थोडं राहतं, तेवढं मी सोडून देते. माझ्या गाडीत फिल्टर वरच्या बाजूनं हाताला लागतो म्हणून जमतं. काही गाड्यांत तो खालूनच निघतो, तिथं पंपाचा अर्धाच उपयोग.

सेक्रेटरी_बी_विंग

सोसायटीची बाजू कुणीच मांडणार नाही, म्हणून मी मांडतो. आमच्याकडं एका उत्साही सभासदानं पार्किंगमध्ये हा प्रयोग केला. पेव्हर ब्लॉकवर परातीएवढा डाग, आणि त्यावरून एका आजोबांचा पाय घसरता घसरता वाचला. पुढच्या वार्षिक सभेत पाऊण तास फक्त डागावर चर्चा. पाण्याच्या टाकीचा विषय राहिलाच.

करायचंच असेल तर खाली जाड पुठ्ठा, त्याखाली प्लास्टिक. सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा टाका, रात्रभर राहू द्या, मग धुण्याची पावडर आणि खरखरीत ब्रश. पाणी आधी मारू नका, डाग पसरतो.

निवृत्त_यंत्र

एस.टी.त ३१ वर्षं काढली. दापोडीच्या वर्कशॉपात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा पहिले सहा महिने हातात फक्त चिंधी आणि रॉकेलचा डबा. पाना नंतर मिळाला. म्हणून आगाऊपणा वाटला तरी चार गोष्टी सांगतो.

पहिली. डिकीतला जॅक हा चाक बदलण्यापुरता. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. दोन मिनिटांसाठी नाही, नुसतं डोकावायलाही नाही. स्टँड लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, आणि आत जाण्यापूर्वी गाडीला कमरेनं एक धक्का देऊन बघा. हलली तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. जमीन पक्की आणि सपाट हवी, मुरमावर स्टँड रुततो.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑईल पातळ होतं आणि गाळ घेऊन उतरतं. लांबून आलेली तापलेली गाडी लगेच उघडू नका, कातडी सोलून निघेल. वरचं झाकण उघडा, म्हणजे हवा मिळून धार नीट पडते. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा) नट सैल झाला की पाना बाजूला ठेवा, पुढं बोटांनी. शेवटच्या आट्याला आलात की नट आत दाबून धरत फिरवायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा. नाहीतर नट ट्रेमध्ये बुडतो आणि ऑईल कोपरावरून बगलेत जातं. बगलेत गेलेलं ऑईल दोन आंघोळींत निघत नाही, हा स्वानुभव.

वॉशर दर वेळी नवा. तो चेपला जाऊनच सांधा बंद करतो, एकदा चेपलेला पुन्हा तेवढा चेपत नाही.

फिल्टर काढलात की त्याचं तोंड बघा. रबरी रिंग त्याच्याबरोबर आली पाहिजे. नसेल आली तर ती इंजिनला चिकटून बसलेली आहे, नखानं काढा. जुन्या रिंगवर नवी बसली तर ऑईल बाहेर फेकतं. नव्या रिंगला बोटभर ऑईल लावा, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवा, त्यानंतर पाऊण फेरा. पाना फक्त काढायला, बसवायला नाही.

हातमोजे घाला. आम्ही घातले नाहीत. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की वापरलेल्या ऑईलमध्ये कर्करोगाला निमंत्रण देणारी द्रव्यं असतात.

पाना_सतरा

काका, साष्टांग. 🙏

नटाबद्दल माझी भर. चेंबर बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो आणि नट लोखंडी. लोखंड जिंकतं. माझ्या गाडीचा नट एका गॅरेजात हवेच्या गननं 'टर्रर्र' करून आवळला होता. पुढच्या वेळी मी सोडवला तर नटाबरोबर आट्यांची चमकदार सळई बाहेर आली, स्प्रिंगसारखी. आटे गेले! मग लेथवाल्याकडं चेंबर काढून नेला, मोठा टॅप मारून आत नव्या आट्यांची जाळी बसवली. दोन दिवस आणि अडीच हजार. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "शेवटचा पाना तुमचाच होता ना?"

मॅन्युअलमध्ये नटाचा टॉर्क दिलेला असतो. माझ्यात ३५ ते ४५ न्यूटन मीटर आहे. ते किती कमी आहे हे टॉर्क रेंच पहिल्यांदा 'टक्' वाजल्यावर कळलं. मला वाटलं होतं, अजून सुरुवातच आहे.

करवीर_डिझेल

राव, एक बाळबोध प्रश्न. डिझेल गाडीचं ऑईल बदललं, दोनशे किलोमीटरनंतर कांडी काढून बघितली तर काळं कुळकुळीत. गॅरेजवाल्यानं फसवलं म्हणायचं काय?

निवृत्त_यंत्र

नाही हो. डिझेलची काजळी ऑईलमध्ये उतरते आणि ती धरून ठेवणं हेच ऑईलचं काम. रंगावरून निकाल देऊ नका. काळं होत नसेल तर ते काजळी कुठंतरी आत सोडतंय. पातळी मात्र बघत जा.

करवीर_डिझेल

म्हणजे मी त्याच्याशी उगाच भांडलो. आता तांबडा-पांढरा पाजायला लागतोय त्याला.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इकडं हे घरगुती काम समजलं जातं. शेजारचे सत्तरीतले गृहस्थ रॅम्पवर गाडी चढवून रविवारी सकाळी रेडिओ लावून करतात. मी सुरुवातीला कौतुकानं बघायचो, आता त्यांचेच रॅम्प उसने आणतो. वापरलेलं ऑईल डब्यात भरून सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात नेलं की फुकट घेतात. अर्थात स्वतःचं ड्राइव्हवे असेल तर. अपार्टमेंटमध्ये राहत होतो तेव्हा करारातच लिहिलं होतं की आवारात गाडीचं काम करायचं नाही. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, तुमची शाखा इकडंही आहे.

वॉरंटीची भीती इथंही घालतात, पण १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. ऑईल तुम्ही स्वतः बदललंत एवढ्याच कारणावर कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. पावत्या आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. भारतात काय आहे?

हिशेबनीस

भारतात २०१४ चा स्पर्धा आयोगाचा आदेश आहे. १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. विषय होता सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याचा, पण त्यातच असंही होतं की बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. पुढं अपिलं वगैरे झाली. व्यवहारात मात्र वॉरंटी चालू असेल तोवर सर्व्हिस सेंटरमध्येच जा, असं मी सांगेन. वाद जिंकण्यापेक्षा शिक्का मारलेलं पुस्तक स्वस्त पडतं. धागाकर्त्याची गाडी २०१३ ची आहे, त्यांना हा प्रश्नच नाही.

स्टुटगार्टी_पुणेकर

जर्मनीत रस्त्यावर किंवा मातीवर ऑईल बदलणं म्हणजे दंडाला आमंत्रण. थेंब जमिनीत मुरला तर भूजलाचा प्रश्न होतो आणि त्या बाबतीत हे लोक अजिबात गंमत समजत नाहीत. पण सोयही आहे: ज्यानं ऑईल विकलं त्यानं तेवढंच वापरलेलं ऑईल फुकट परत घ्यायचं, हे बंधन दुकानदारावर. फक्त पावती दाखवायची. मी पावती डब्यालाच चिकटवून ठेवतो.

शिवाय भाड्याची गॅरेजं असतात. तासावर लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, काम तुम्ही करायचं. पुण्यात असं काही असेल तर मी परत यायला तयार आहे. (बायको म्हणते, कारण काहीही चालेल, परत चल.)

नाशिकची_सारथी

काळ्या ऑईलचा प्रश्न खरंच गंभीर आहे. इथं कुणीही मागतं ते. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेतात, कुणी वाळवी लागू नये म्हणून चौकटीला फासतं. माझ्या सासऱ्यांनी एकदा कुंपणाच्या खांबांसाठी मागितलं होतं. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "बैलगाडीच्या वंगणावर आमचा जन्म गेला." बाबा, ते वंगण एरंडेल तेलाचं होतं, याच्यात शिसं नि काय काय उतरलेलं असतं. खांबाखाली मातीत जातं आणि तिथंच आपली विहीर.

हिशेबनीस

नियम आहेत. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑईल येतं. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी आली. गॅरेजवाले पिंप भरून विकतात, ती साखळी आधीपासून आहे. पण तीन लिटर घेऊन दारात उभा राहिलेला एकटा माणूस त्या साखळीत कुठंच बसत नाही.

सिंहगडरोडवाला

एवढ्या प्रतिसादांबद्दल धन्यवाद! रविवारचा बेत ठरला. सोसायटी नको म्हणून धायरीला मेहुण्याच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये करतो. स्टँड आणले, टॉर्क रेंच मित्राचा. ऑईल मॅन्युअलात लिहिलंय तेच ५डब्ल्यू-३०. दुकानदार म्हणत होता, "पुण्याच्या उन्हाळ्याला जाड घ्या, २०डब्ल्यू-५०." घ्यावं का?

पाना_सतरा

अजिबात नको. पहिला आकडा थंड इंजिनाचा आहे, डब्ल्यू म्हणजे विंटर. सकाळी किल्ली फिरवल्यावर ऑईल किती झटकन वर चढतं ते त्यावर ठरतं. आताच्या इंजिनात व्हॉल्व्हकडं जाणाऱ्या वाटा बारीक असतात, तिथं जाड ऑईल उशिरा पोचतं. आणि डबा सील बघून, बिलासकट घ्या. रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोक पाडा, नाहीतर तोच डबा भरून पुन्हा दुकानात येतो.

सिंहगडरोडवाला

वृत्तांत देतो. हसायचं नाही.

साडेसहाला सुरुवात. दगड, स्टँड, कमरेनं धक्का, सगळं काकांच्या पोथीप्रमाणं. नट सतराच्या पान्यानं सुटला, बोटांनी फिरवला, झटक्यात बाजूला घेतला. बगल कोरडी! ऑईल जवळजवळ दहा मिनिटं गळत होतं, शेवटी थेंब-थेंब. नवा वॉशर, टॉर्क रेंच 'टक्'. फिल्टर पहिल्या फटक्यात निघाला. नव्याच्या रिंगला ऑईल लावलं, हातानं बसवला, पाऊण फेरा. वरून नवं ऑईल ओतलं. इथवर साडेसात. मेहुण्याला फोटो काढायला सांगितला.

गाडी सुरू केली. ऑईलचा लाल दिवा विझला. दहा सेकंद झाली असतील, मेहुणा म्हणाला, "हे मध कुठून येतंय?"

गाडीखालून सोनेरी ओघळ निघाला होता आणि पोर्चच्या शहाबादी फरशीवरून सावकाश तुळशीवृंदावनाकडं चालला होता. इंजिन बंद केलं तोवर लिटरभर तरी गेलं असावं. फिल्टर काढला. आत दोन रिंगा, एकीवर एक, जुनी सपाट आणि नवी फुगीर, जुळ्या बहिणींसारख्या.

काकांनी हे लिहिलं होतं. मी वाचलं होतं. त्यावर अंगठाही दिला होता.

मग मेहुण्याची स्कूटर घेऊन लिटरचा सुटा डबा, ५२० रुपये. पुन्हा बसवलं, सुरू केलं, पाच मिनिटं खाली टॉर्च मारत बसलो. कोरडं. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या किंचित खाली.

शहाबादीनं ऑईल पिऊन टाकलंय. भुसा झाला, पावडर झाली, डाग तिथंच आहे, महाराष्ट्राच्या नकाशासारखा, कोकणपट्टीसकट. मेहुणा काही बोलला नाही. त्याची आई बोलली.

सेक्रेटरी_बी_विंग

डागाचा फोटो टाका. सभेत दाखवायला लागेल.

हिशेबनीस

१,८६० अधिक ५२०. शिवाय फरशी. मी पुढची बेरीज करत नाही.

नाशिकची_सारथी

पहिल्या वेळी लिटर सांडणं म्हणजे फी. पण काळं ऑईल कुठंय?

सिंहगडरोडवाला

तेच सांगायचं राहिलं. पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून चार दिवस डिकीत घेऊन फिरलो. घंटागाडीवाल्या ताई नाही म्हणाल्या, बरोबरच आहे त्यांचं. भंगारवाला म्हणाला, "तीन लिटरला कोण घेतं साहेब, पिंप भरून आणा." धायरीच्या वॉचमनला चौकटीसाठी हवं होतं, सारथीताईंच्या विहिरीची आठवण झाली म्हणून दिलं नाही.

शेवटी आमच्याच गल्लीच्या टोकाला जे जुनं गॅरेज आहे तिथं गेलो. बारा वर्षं त्याच्यासमोरून जातोय, कधी थांबलो नव्हतो. मालक साठीचे, कानाला पेन्सिल. कॅन बघून काही न विचारता मागच्या पिंपाकडं बोट केलं. मी ओतेपर्यंत त्यांनी गाडीखाली डोकावून पाहिलं. म्हणाले, "फिल्टर नवा दिसतोय आणि भोवती सगळं धुतलंय. रिंग राहिली होती ना?"

मी दोन-तीनशे रुपये काढले तर घेतले नाहीत. म्हणाले, "शनिवारी दुपारी दोन ते चार पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, रिकामाच असतो. ऑईल तुमचं, पाना तुमचा, हात तुमचे. दोनशे द्या, आणि काळं ऑईल इथंच सोडून जा."

स्टुटगार्टी_पुणेकर

थांबा. हे तर भाड्याचं गॅरेज झालं! पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. तिकीट बघतो.

एडिसनकर

आणि जॅक, स्टँडची भानगडच नाही. मला हेवा वाटतोय, आणि मी न्यू जर्सीत आहे.

हिशेबनीस

३०० ऐवजी २००. वर्षाला शंभर रुपये वाचले. स्टँडची जोडी मी घेतो, अर्ध्या किमतीत. बोला.

निवृत्त_यंत्र

ते सगळं राहू दे. गाडी किती चालली त्यानंतर? नट आणि फिल्टर पुसून पुन्हा बघितलात का?

सिंहगडरोडवाला

९० किलोमीटर. आज सकाळीच टिश्यू पेपर फिरवला काका. कोरडा आला.

निवृत्त_यंत्र

पाचशेला पुन्हा फिरवा.